गिरिपुष्पाखालची माती आणि देशी झाडांखालची माती

तुमचा प्रश्न असा: पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लागवडीखाली आणि शेजारच्या देशी झाडांखाली मातीतले जीव वेगळे असतात, की टेकडी एकच म्हणून सारखेच?

टेकडी एक असली तरी खाणं एक नाही. फरक पडतो, तो जीव किती यापेक्षा कोणते यात जास्त.

गिरिपुष्पाखाली काहीच जगत नाही, असं टेकडीवर फिरणारे ठासून सांगतात. मला ते पटत नाही. उंदीरमारी म्हणतात खरं, पण शेतकरी त्याच पाल्याचं हिरवळीचं खत करतात. पान पातळ, नत्र भरपूर. पाऊस लागला की भराभर कुजतं. म्हणजे मेजवानी होते, पण लवकर आटोपते. निलगिरीचं उलटं: पानात तेल आणि टॅनिन हे तुरट द्रव्य, त्यामुळे ताज्या पाचोळ्याला सहसा कुणी तोंड लावत नाही. मिश्र झाडीत लवकर आणि उशिरा कुजणारी पानं एकात एक मिसळलेली असतात. गांडुळं, पैसा किडे, स्प्रिंगटेल (उड्या मारणारे इवलेसे जीव), माइट (कोळ्यांच्या जातीतले सूक्ष्म जीव), त्यांना खाणारी गोम, सगळ्यांची सोय होते.

थंड प्रदेशात हे फार ठळक दिसतं. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांखाली माती आम्लधर्मी, गांडुळं कमी, माइट आणि स्प्रिंगटेल जास्त, म्हणून पाचोळ्याचा जाड थर साचतो. मेपलसारख्या कॅल्शियमयुक्त पानांखाली गांडुळं तो थर खाली ओढून नेतात.

तुलना मात्र शेजारशेजारच्या, एकाच उताराच्या तुकड्यांची करा. भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात पाचोळा कितीतरी जास्त काळ ओला राहतो. वेताळ टेकडीवर कातळावर मातीचा पातळ थर आणि वर्षातले बरेच महिने कोरडे, त्यात वणवे. तिथे वाळवी आणि मुंग्यांचंच राज्य. या दोन जागा ताडून पाहिल्यात तर झाडांचा नव्हे, पावसाचा फरक मोजाल.

बघायचंच असेल तर बर्लेसे फनेल, म्हणजे पाचोळ्यातले जीव उष्णतेने खाली पाडणारं नरसाळं, घरी होतं. बर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने 1905 मध्ये गरम पाण्याची उष्णता वापरली होती, आपल्याला बल्ब पुरतो. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवा, आत जाळी, जाळीवर मूठभर पाचोळा आणि वर जुना पिवळा बल्ब. एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही. उष्णतेपासून पळत जीव खाली पडतात. खाली जीव टिकवायला वापरतात त्या स्पिरिटऐवजी ओला कागद ठेवलात तर स्प्रिंगटेल पोटाखाली दुमडलेला काटा सोडून टुणकन उडताना दिसेल. भिंग हवं, बहुतेक जण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचेच.

हे जुलै-ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात दोन्हीकडचा पाचोळा जवळजवळ रिकामाच निघेल.