पगार वाढला म्हणजे माल महागलाच का?

प्रश्न : बातम्यांत 'युनिट लेबर कॉस्ट वाढली' असं म्हणतात, म्हणजे कामगारांचे पगार वाढले असंच ना? मग त्यात वाईट काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही हो, नुसता पगार नाही, एक नग बनवायला मजुरी किती पडली ते बघायचं. समजा शिलाईवाल्या ताईंना दिवसाला ८०० रुपये मिळतात आणि त्या २० शर्ट शिवतात, म्हणजे शर्टामागे ४० रुपये. उद्या चांगलं मशीन आलं, रोज १००० झाला आणि शर्ट २५ झाले तरी आकडा ४०च, पगार वाढूनही माल महाग पडला नाही! रोज १००० आणि शर्ट २०च राहिले तर मात्र ५० पडतात, आणि मग मालक एकतर भाव वाढवतो नाहीतर नफा सोडतो, म्हणून रिझर्व्ह बँकांसारख्या संस्था महागाईसाठी यावर डोळा ठेवतात.

युरोपात तर याचा फार मोठा फटका बसला. १९९९ला युरो आला, त्यानंतर बरीच वर्षं जर्मनीत हा आकडा जवळपास जागच्या जागी आणि ग्रीस, स्पेनमध्ये चढत गेला, आणि चलन एकच असल्याने ग्रीसला आपलं चलन स्वस्त करून माल खपवायची सोयच उरली नाही. सरकारी कर्जाच्या संकटात २०१२ला ग्रीसमध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्या पोरांचं तर ३२ टक्के. मला हे आजही पटत नाही, कारण आकडा उतरवायचा दुसरा रस्ता होता, शर्ट वाढवायचा, फक्त त्याला मशीन, शिक्षण आणि वेळ लागतो.