पीएमएन चकत्यांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कमी येत असेल तर

समुद्रात वापरायच्या ट्रान्सड्युसरसाठी (विद्युतसंकेताचे कंपनांत रूपांतर करणाऱ्या साधनासाठी) केलेल्या लेड मॅग्नेशियम नायोबेट (पीएमएन) या सिरॅमिकच्या चकत्यांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) अपेक्षेच्या निम्माही येत नाही, म्हणून सिंटरिंगचे (दाबलेली पावडर भट्टीत तापवून घट्ट करण्याचे) तापमान वाढवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भट्टीला हात लावण्यापूर्वी पावडर तपासावी.

शिसे, मॅग्नेशियम आणि नायोबियम यांची ऑक्साइडे एकदम मिसळून तापवली, तर शिसे व नायोबियम यांचा संयोग आधी होतो, मॅग्नेशियम मागे राहते आणि पायरोक्लोर ही नको असलेली वेगळी स्फटिकरचना तयार होते. तिचा स्थिरांक जेमतेम काहीशे असतो, तर चांगल्या पीएमएनचा खोलीच्या तापमानाला दहा हजारांच्या वर जातो. यावर स्वार्ट्झ आणि श्राउट यांनी १९८२ मध्ये मांडलेला कोलंबाइट मार्गच मी सुचवीन: मॅग्नेशियम आणि नायोबियम यांची ऑक्साइडे आधी सुमारे १००० अंश सेल्सिअसला एकत्र करावीत आणि मग लेड ऑक्साइड मिसळून ८०० ते ९०० अंशांना कॅल्सिनेशन करावे (म्हणजे पावडर भाजून संयुग घडवावे). मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात ते तापवून, कोरडे करून मगच वजन करावे. अन्यथा कागदावरचे प्रमाण आणि बरणीतले प्रमाण जुळत नाही.

दोष पावडरीत आहे की भट्टीत, हे एक्स-रे विवर्तनातून कळते. आलेखात सुमारे २९ अंशांच्या विवर्तन कोनाजवळचे (२θ) पायरोक्लोरचे शिखर चकतीच्या पृष्ठभागावर दिसते, पण वरचा थर घासून काढल्यावर नाहीसे होते, असे असेल तर सिंटरिंगच्या वेळी लेड ऑक्साइड उडून गेले असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी तापमान वाढवल्यास नुकसानच वाढेल. त्याऐवजी चकत्या त्याच रासायनिक घडणीच्या पावडरीत पुरून, झाकणबंद ॲल्युमिना क्रुसिबलमध्ये ठेवाव्यात आणि आधीचे व नंतरचे वजन नोंदवावे. घासूनही शिखर टिकले, तर पावडर पुन्हा करावी लागेल. घासताना उडणारी शिशाची धूळ विषारी असल्याने हे काम ओले ठेवून आणि मास्क लावूनच करावे.

चकती उत्तम निघाली तरी इलेक्ट्रोस्ट्रिक्शनमधील विकृती (विद्युतक्षेत्रामुळे पीएमएनच्या आकारात होणारा बदल) विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून डीसी बायस (एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब) दिला नाही तर ट्रान्सड्युसर दिलेल्या वारंवारितेच्या दुप्पट वारंवारितेने कंप पावेल. शिवाय दहा टक्के लेड टायटॅनेट मिसळलेल्या पीएमएनचा स्थिरांक साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वोच्च असतो, तर खोल समुद्राचे पाणी त्याहून बरेच थंड असते. म्हणून चकत्यांची निवड कामाच्या बायसवर, पूर्वदाब (आधीच दिलेला यांत्रिक दाब) देऊन आणि पाण्याच्या प्रत्यक्ष तापमानाला घेतलेल्या मोजणीवरूनच करावी.