एर्टिगाच्या मागे बुलेट अडकवून गावी नेता येईल का?

प्रश्न: नमस्कार, वडिलांची बुलेट (रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०) या गणपतीला चिपळूणला नेऊन तिथेच ठेवायचीय. मी बाईक चालवत गेलो तर घरच्यांना घेऊन एर्टिगा कोण चालवणार, म्हणून विचार केला की वेल्डरकडून मागच्या बंपरखाली ब्रॅकेट बनवून घ्यायचा, पुढचं चाक त्यात अडकवायचं आणि मागचं रस्त्यावर फिरू द्यायचं. अमेरिकेत असं करतात, व्हिडिओ पाहिलेत. ट्रेलर ठेवायला सोसायटीत जागा नाही. चालेल का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: दादा, नका करू, आणि का ते नीट सांगतो कारण हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. तिकडे ज्या गाड्यांना हे लावतात त्यांना खाली किती वजन पेलेल ते ठरवून दिलेला हिच, म्हणजे मागे काही अडकवायचा मजबूत जोड, असतो, बऱ्याचदा पिकअप किंवा मोठी एसयूव्ही असते. एर्टिगाला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि बंपरजवळ जो टोइंगचा हूक लागतो तो अडकलेली गाडी ओढायला, वजन उचलून धरायला नाही. क्लासिक १९५ किलोची, म्हणजे पुढचं चाक उचललं की साधारण निम्मं वजन त्या वेल्डिंगवर, आणि खड्ड्यात आपटलं की त्याच्या कितीतरी पट. मग वाटेल अख्खी बाईकच स्टँडवर चढवू, तर ते अजून वाईट. बाईक आणि स्टँड मिळून २३० किलो धरा, ते मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर मागे लटकणार, एर्टिगाचा व्हीलबेस २.७४ मीटर, हिशोब केला तर पुढच्या चाकांवरचं शंभरेक किलो वजन कमी होतं. एर्टिगा ओढतेही पुढच्या चाकांनी आणि वळतेही त्यांनीच, वर आत माणसं आणि मागे बॅगा, आणि तुम्ही भर पावसात परशुराम घाट उतरताय. मुलं गाडीत असताना हे कशाला?

बाईकचंही नुकसान आहेच. न्यूट्रलमध्ये असली तरी मागचं चाक चेन फिरवतं, चेन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते, आणि इंजिन बंद म्हणजे तेल नीट पोचतच नाही, असं चिपळूणपर्यंत. तिकडे समजून करणारे लोक आधी चेन काढून ठेवतात. शिवाय त्यांच्या ब्रॅकेटला वळणावर फिरायला पिव्होट असतो, घट्ट वेल्ड केलेल्यात टायर घासत जाणार आणि फोर्क पिळणार.

कायद्याचं म्हणाल तर १९८९ च्या रस्ता नियमांत बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजला किंवा पेट्रोल पंपावर ओढून न्यायची मुभा होती, तीही दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग ताशी २४ किमीच्या आत. चालू बाईक गावी न्यायचं यात कुठे बसत नाही. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातील ते वेगळंच.

मग काय करायचं, तर मी रेल्वे पार्सलला पहिला नंबर देईन. तुम्ही ठरवलेली गाडी चिपळूणला बाईक उतरवते का ते पार्सल ऑफिसात आधी विचारा, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स न्या, टाकी पूर्ण रिकामी करा नाहीतर घेणार नाहीत, आरसे काढून गोणपाटाचं पॅकिंग करून घ्या. गणपतीच्या आठवड्यात नका जाऊ, थोडं आधीच पाठवा. दुसरा मार्ग छोटा हत्ती, गावाकडचा अजून कोणी बाईक पाठवणारा मिळाला तर मोठा टेम्पो करून भाडं वाटून घ्या. बांधताना टेम्पोवाल्याच्या सुतळीवर सोडू नका, चार रॅचेट बेल्ट (खटक्याने ताणून घट्ट करायचे पट्टे) स्वतः घेऊन जा, पुढचे दोन हँडलला नाही तर खालच्या टी ला (फोर्कच्या दोन्ही नळ्या जोडणारी खालची पट्टी) लावा आणि सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत ओढा, पहिला गिअर टाका, साइड स्टँडवर उभी ठेवून बांधू नका. तासाभराने थांबून बेल्ट परत बघायला सांगा, ते सैल पडतातच.

प्रश्न: बाईक हायवेवर बंद पडली तर मित्राच्या कारला दोरीने बांधून गॅरेजपर्यंत नेऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नको. दोरी सैल पडून झटक्यात ताणली की हँडल एका बाजूला खेचलं जातं आणि माणूस पडतो, मागून डंपर येत असतात. बाईक कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि टेम्पो बोलवा. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का ते आजच बघून तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा.