फाइव्ह व्हाय की फिशबोन, कामाच्या ठिकाणची किचकट अडचण सोडवायला काय वापरावं?

तुम्ही विचारलंय दोन्हीतलं चांगलं कुठलं. फाइव्ह व्हाय म्हणजे पुन्हापुन्हा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जाणं, फिशबोन म्हणजे माशाच्या सांगाड्यासारख्या आकृतीवर सगळी संभाव्य कारणं मांडणं. काहीही वापरा, पण मीटिंग रूममध्ये बसून वापरू नका. हे मी जरा रागानेच लिहितोय कारण माझ्यासमोर एका माणसावर उगाच ठपका बसलाय.

मी क्वालिटीत नवीन होतो. स्टीलचा 100 मिमी बाहेरच्या व्यासाचा जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक एकूण 30 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). आमच्याकडे सगळं ओके, कस्टमरकडे गेलं की अंडरसाइज म्हणून परत, आणि परत येणारा माल जवळजवळ सगळा नाइट शिफ्टचा. झालं, मीटिंग बसली, बोर्डावर माशाचा सांगाडा काढला, मशीन, मटेरियल, मेथड सगळ्या काट्यांवर एकेक ओळ आणि 'मॅन'च्या काट्यावर आठ. वीस मिनिटांत मूळ कारण ठरलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय काय तर त्याला मेमो आणि परत ट्रेनिंग. मी म्हटलं एकदा रात्री जाऊन बघू या की, तर साहेब म्हणाले डेटा समोर आहे, अजून काय बघायचंय.

मी गेलो. रात्री इन्स्पेक्टर नसायचा त्यामुळे ऑपरेटर स्वतःच जॉब उतरवला की लगेच मापायचा, वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तसंच लिहिलेलं होतं. जॉब हातात घेतला तर चांगला गरम. माप टॉलरन्सच्या बरोबर मधोमध. तोच जॉब बाजूला ठेवून तासाभराने मापला तर 22 मायक्रॉनने कमी! स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे जॉब वीसेक अंश गरम असला की 100 मिमीवर एवढा फरक येणारच. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सियस आहे हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. तो बिचारा गरम जॉबचं माप बघून ऑफसेट लावत होता, म्हणजे मशीनचं सेटिंग थोडं कमी-जास्त करत होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. दिवसा इन्स्पेक्टर राउंडला येईपर्यंत जॉब गार झालेला असायचा, म्हणून दिवसाचा माल पास.

टोयोटाच्या ताइची ओनोंनी फाइव्ह व्हाय समजावताना जे उदाहरण दिलंय ते बघा. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला, तिथून बेअरिंगला तेल कमी, तेलाचा पंप नीट ओढत नाही, पंपाचा शाफ्ट झिजलाय, आणि शेवटी सापडतं काय तर गाळणीच नव्हती म्हणून धातूचा कीस आत गेला. कुठेही माणसाचं नाव नाही. 'ऑपरेटर चुकला' हे उत्तर आलं की तिथून पुढे 'का' विचारायचं असतं, आमच्याकडे तिथेच फाइल बंद करतात. 'ट्रेनिंग दिलं' हा उपाय तर मला दिसला की मी आजही सही करत नाही.

हां, एक आहे, फाइव्ह व्हाय एकाच धाग्याने खाली जातं, कारणं तीन-चार असली तर आधी फिशबोनवर सगळी मांडून घ्या, मग प्रत्येक जागेवर जाऊन तपासा. आणि भांडण दोन डिपार्टमेंटच्या टार्गेटचं असेल तर यातलं काहीच चालत नाही, तिथे वरच्यालाच निर्णय घ्यावा लागतो. खरोखर निष्काळजी माणसंही असतात, नाही असं नाही.

आमच्याकडे वर्क इन्स्ट्रक्शन बदललं, जॉब गार करून मापायला लागले, ते रिजेक्शन थांबलं. मेमो मागे घ्या असं मी दोनदा लिहून दिलं, तो अजून त्याच्या फाइलला लागलेलाच आहे.