आरोग्य-संशोधनात व्यक्तींच्या नोंदी सांभाळणारी मायक्रोसर्व्हिस (एकच काम करणारी छोटी स्वतंत्र सॉफ्टवेअर सेवा) उभारायची आहे, सुरुवात कुठून करू?

एपीआयच्या (इतर प्रोग्रॅम्सनी सेवेशी बोलण्याचा मार्ग) आधी डेटाबेस वेगळे करा. नाव, जन्मतारीख, फोन एकात; संशोधकांना दिसणारा डेटा दुसऱ्यात. दोन्हींना जोडणारा कोड रँडम यूयूआयडी (एकमेव असा लांब ओळख-क्रमांक) ठेवा. फोन नंबरचा साधा हॅश (सूत्राने बनवलेला ठरावीक कोड) अजिबात नको, कारण सगळे संभाव्य नंबर हॅश करून मूळ नंबर सहज शोधता येतो.

खरी कसोटी मर्जची, म्हणजे नोंदी एकत्र करण्याची. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतातच. जुनी डिलीट करू नका. एफएचआयआर या आरोग्य-डेटा देवाणघेवाणीच्या मानकातल्या पेशंट रिसोर्समध्ये (रुग्णाच्या नोंदीचा साचा) 'रिप्लेस्ड-बाय' (जुन्या नोंदीची जागा कोणत्या नोंदीने घेतली ते दाखवणारी) लिंक याचसाठी आहे. चुकीचा मर्ज मागे घेता आलाच पाहिजे, नाहीतर एकाचे रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर राहतात, आणि हे फार गंभीर आहे.

ऑडिट लॉग (कोणी, कधी, काय पाहिलं किंवा बदललं याची नोंद) पहिल्या दिवसापासून ठेवा. टेस्टिंगला खरे रुग्ण वापरू नका, सिन्थिया (Synthea) हे मोफत टूल कृत्रिम नोंदी बनवून देतं.