शिआनमध्ये दोनच दिवस आहेत, काय पाहू?

प्रश्न : आम्ही चीनला जातोय. शिआनमध्ये दोनच दिवस मिळतील. मातीचे सैनिक पाहिले की झालं, असं सगळे म्हणतात. खरंच का?

उत्तर : मुळीच नाही. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले हे सैनिक बघाच, पण ते शहराबाहेर, पूर्वेला लिनटोंगला आहेत. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. पहिल्या खड्ड्यातली रांग पाहून लोक फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र गुडघा टेकून बसलेला तिरंदाज शोधा, काचेच्या पेटीत आहे. मागच्या बाजूला जा आणि त्याच्या पायातल्या जोड्याचा तळवा बघा. शिवणीचे टाकेसुद्धा कोरलेत! मागे वळलेल्या तळव्यासाठी एवढी मेहनत का घेतली असेल, मला अजून कळत नाही.

दुसरा दिवस शहराला द्या. हेच तांग घराण्याच्या काळातलं राजधानीचं शहर चांगआन. आजचा तट मात्र नंतरचा, मिंग घराण्याच्या काळातला, सुमारे 14 किलोमीटरचा. वर भाड्याने सायकल मिळते. विटांच्या फरशीवर हाडं खिळखिळी होतात, तरी फेरी माराच.

मोठा रानहंस पॅगोडा चुकवू नका. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो 652 साली बांधला. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला हाच तो.

संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यात पाओमो खा. रोटी तुम्हालाच कुस्करून द्यावी लागते, मग तिच्यावर मटणाचा रस्सा येतो. बारीक कुस्करा, घाई केलीत तर गोळे राहतात.