‘कोर्टाने असं म्हटलंय म्हणे!’ वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

हल्ली प्रश्नासोबत एखाद्या निकालाची बातमी किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड जोडलेलं असतंच. निकाल बहुतेक वेळा खरा असतो, पण तो तुम्हाला लागू पडतो का हे तारखांवर ठरतं, आणि नेमक्या तारखाच कुणी लिहीत नाही. तेव्हा प्लीज, कोण कधी वारलं, चेक कधी परत आला, हे आधी लिहा.

प्रश्न : आजोबांनी साताऱ्यात स्वतःच्या पैशाने घर घेतलं होतं. ते 1954 साली वारले, मृत्युपत्र नाही. मागे आजी, माझे वडील आणि आत्या. आजी 1988 ला गेली, तिचंही मृत्युपत्र नाही. आता आत्या अर्धा हिस्सा मागतेय, म्हणते सुप्रीम कोर्टाने मुलींना जन्मापासून हक्क दिलाय. वडील म्हणतात हायकोर्टाने सांगितलंय की 1956 च्या आधी बाप गेला तर मुलीला काहीच नाही. खरं कुणाचं?

दोघांचंही अर्धंअर्धं. तारखा दिल्यात म्हणून नीट सांगता येतंय, थँक्यू.

आत्या म्हणतात तो 2020 चा विनीता शर्मा केसचा निकाल. तो वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे, त्यात मुलगी मुलासारखीच जन्मापासून कोपार्सनर, म्हणजे मिळकतीची वाटेकरी, आणि 2005 साली हा हक्क देणारी दुरुस्ती आली तेव्हा बाप हयात असायची गरज नाही. तुमचं घर आजोबांच्या स्वकमाईचं, त्यामुळे तो निकाल बाजूला ठेवा. वडील म्हणतात तो मुंबई हायकोर्टाचा नोव्हेंबर 2024 चा. त्यात बाप 1952 साली वारलेला, विधवा मागे राहिलेली, आणि कोर्टाने सांगितलं की 1956 चा हिंदू वारसा कायदा यायच्या आधी वारसा उघडला, म्हणजे बाप वारला, असेल तर मुलीला बापाकडून हिस्सा नाही. इथवर वडील बरोबर.

पण ते आजीला विसरले! हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या 1937 च्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा मिळायचा, फक्त तो हयातीपुरता. म्हणजे 1954 ला घर अर्धं वडिलांचं, अर्धं आजीचं. मग 1956 चा कायदा आला आणि त्याच्या कलम 14 ने आजीचा तो हयातीपुरता हिस्सा पूर्ण मालकीचा झाला. 1988 ला ती गेली तेव्हा तिचं अर्धं कलम 15 प्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघांत सारखं. म्हणजे आत्याचा हिस्सा निघतो एक चतुर्थांश, अर्धा नाही आणि शून्यही नाही. मधे कधी आत्यांनी रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून दिलं असेल किंवा वाटणी झाली असेल तर चित्र बदलेल, तेवढं प्रॉपर्टी कार्डचे जुने फेरफार काढून बघा. आणि खरं सांगू का, पावाच्या हिशोबावर दोघं बसून बोला, दावा लावलात तर निकाल तुमच्या मुलांच्या हातात पडेल.

प्रश्न : कल्याणला मागच्या महिन्यात भाऊ खड्ड्यात बाईकवरून पडला, हातात प्लेट बसवलीये. सहा लाख मिळतात असं वाचलं, अर्ज कुठे करायचा?

सहा लाख मृत्यूसाठी. मुंबई हायकोर्टाने 13 ऑक्टोबर 2025 ला जो आदेश दिला त्यात खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास घरच्यांना 6 लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख असं आहे. तुमची केस दुसऱ्या प्रकारातली. रक्कम ठरवायला कमिटी, महापालिका हद्दीत त्यात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, म्हणजे अर्ज पालिकेकडे द्या आणि एक कॉपी ठाण्याच्या प्राधिकरणाकडेही द्या, दोन्हीवर पोच घ्या. पैसे उशिरा दिले तर व्याज आणि संबंधित अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी असंही कोर्टाने लिहिलंय.

अडचण पुराव्याची येते. बाईक घसरली की खड्ड्यामुळे पडली? पहिल्या दिवशीच्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘खड्ड्यात पडून’ लिहिलंय का ते आधी बघा, तिथे नुसतं ‘बाईकवरून पडून’ असेल तर पालिका तेच धरून बसेल. खड्ड्याचा फोटो काढला नसेल तर आजच जा, कारण अर्ज गेला की खड्डा आश्चर्यकारक वेगाने बुजतो. बाकी हे प्रकरण सुरू झालं 2013 साली, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. म्हणजे हायकोर्टाच्या जजलाही खड्डे चुकले नाहीत.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या बोर्डावर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलंय. हे चालतं का?

चालतं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या बोर्डावरून हाच वाद हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात गेला, एप्रिल 2025 मध्ये निकाल लागला. 2022 च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे, सोबत दुसरी भाषा लिहायला त्यात मनाई नाही. मराठीच गायब असेल तर जरूर तक्रार करा.

प्रश्न : मडगावच्या एका मित्राला 4 लाख कॅश दिले, त्याने दिलेला चेक बाऊन्स झाला. त्याचा वकील म्हणतो 20 हजारांवर कॅशने दिलेलं कर्ज बेकायदा, केस टिकणारच नाही.

हे म्हणणं केरळ हायकोर्टाच्या एका निकालावरून आलंय, आणि तो मुद्दा सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये खोडून काढला, तेही गोव्याच्याच केसमध्ये. रक्कम 6 लाख होती, हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने आरोपीला सोडलं होतं, सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. इन्कम टॅक्सच्या 1961 च्या कायद्यातल्या कलम 269एसएसचा, म्हणजे 20 हजारांवरचं कर्ज कॅशने न घेण्याच्या नियमाचा, भंग झाला तर दंड आहे, पण तो पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मित्राला! त्याने देणं बुडत नाही. त्या केसमधल्या आरोपीने सांगितलं होतं की बँकेचं लोन मिळावं म्हणून मित्राला सही केलेला कोरा चेक दिला होता, कोर्टाला ते अजिबात पटलं नाही.

तरी तुमच्याकडे 4 लाख होते कुठून हे विचारतीलच, तेव्हा बँकेतून काढल्याच्या एंट्र्या शोधून ठेवा. मुदत मात्र चुकवू नका: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार.

प्रश्न : सोसायटीसमोर रोज पहाटे भोंगा. तक्रार केली तर आमचं नाव त्यांना कळेल अशी भीती वाटते.

कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या केसमध्ये जानेवारी 2025 ला मुंबई हायकोर्टाने नेमकं हेच सांगितलं की तक्रारदाराचं नाव पोलिसांनी उघड करायचं नाही. लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असंही म्हटलं, म्हणजे भोंगा, भजनाचा स्पीकर, मंडळाचा डीजे सगळ्यांना एकच माप. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, त्यात सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर उघड्यावर लाऊडस्पीकर लावताच येत नाही. पहिल्यांदा ताकीद, मग दंड, मग जप्ती अशा पायऱ्या आहेत, त्यामुळे एका फोनने काही होणार नाही, प्रत्येक वेळी तक्रार करा आणि तिचा नंबर लिहून ठेवा.